तबला, प्रश्नावली आणि कृपादाने : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कृपादानांविषयी, म्हणजे इतरांच्या सेवेसाठी पवित्र आत्मा ज्या देणग्या देतो त्यांविषयी, प्रश्न पाठवा असे आम्ही सुचवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : ‘माझे दान कोणते हे मला आधी कळू दे, मग मी सेवेला लागतो.’ आमच्या मते ही उलटी गंगा आहे. दान कामात हात घातल्यावर कळते, आणि बहुधा ते आपल्याआधी शेजारच्याला दिसते. खालच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हापुन्हा येईल, कारण प्रश्नांनीच तो पुन्हापुन्हा ओढून आणला आहे.

प्रश्न : मी उपासनेत तबला वाजवतो आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रातही वाजवतो. पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, हे कृपादान आहे. मित्र म्हणतो, ही नुसती कला आहे. पवित्र शास्त्रातल्या यादीत तबला कुठे आहे? — एक तरुण, श्रीरामपूर

उत्तर : यादीत तबला नाही, हे मित्राचे म्हणणे खरे. पण यादी कोणती, हे त्याला विचारा. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात सात दाने आहेत : संदेश (देवाचे म्हणणे लोकांना सांगणे), सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, पुढारीपण आणि दया. करिंथकरांस पहिल्या पत्रात १२:८-१० मध्ये नऊ आहेत. त्याच अध्यायाच्या शेवटी, २८व्या वचनात, आठ आहेत आणि त्यांतली काही वरच्या नवांत नाहीत. इफिस ४:११ मध्ये चार किंवा पाच. ‘पाळक व शिक्षक’ हे एक धरायचे की दोन, यावर अवलंबून. पेत्र तर दोनच गठ्ठे करतो : बोलण्याची दाने आणि सेवेची दाने (१ पेत्र ४:११). कोणत्याही दोन याद्या जुळत नाहीत. शिवाय १ करिंथ ७:७ मध्ये करिंथकरांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल अविवाहित राहण्यालाही कृपादानच म्हणतो, आणि ते या यादींपैकी एकीतही नाही. याचा अर्थ पौल रेशनकार्डावरची नावे लिहीत नव्हता, उदाहरणे देत होता.

कारागिरीबद्दल बोलायचे तर निर्गमच्या ३१व्या अध्यायात बसालेल भेटतो. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करता यावे म्हणून देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरले, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर नारायण वामन टिळकांचे घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, पण कविता ते त्याआधीपासून करत होते. लेखणी तीच राहिली, ती कोणाच्या कारणी लागली ते बदलले. त्यांची भजने आजही मराठी मंडळ्या, म्हणजे चर्चमधले समुदाय, गातात.

मग कला आणि कृपादान यांत फरक कशाने पडतो? १ करिंथ १२:७ मध्ये कसोटी आहे : सर्वांच्या हितासाठी. तुमच्या बाबतीत ही कसोटी कानांनी लावता येते. तुम्ही वाजवता तेव्हा मंडळी जास्त गाते, की गायची थांबून तुमचे वाजवणे ऐकते? दुसरे होत असेल तर ठेका साधा करा. भजनी, केरवा, दादरा एवढ्यावर नव्वद टक्के भजने निभावतात. तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे) उपासनेत वर्षातून दोनदा पुरे. उपासनेआधी वीस मिनिटे येऊन पेटीच्या पट्टीला तबला लावून ठेवा, कारण प्रार्थनेच्या वेळी हातोडीची ठकठक फार दूरपर्यंत ऐकू येते. पेटीवाल्याने पट्टी उंच धरली की मागच्या बाकांवरचे पुरुष दुसऱ्या कडव्याला गप्प होतात. ते दिसले की त्याला सांगा, पुढच्या भजनाला पट्टी उतरवा. वाद्यापेक्षा मंडळीच्या गळ्याकडे तुमचे लक्ष जास्त जाऊ लागले, तर पाळकसाहेबांचे म्हणणे खरे ठरले असे समजा.

ऑर्केस्ट्राबद्दल मनात काही बोचत असेल तर एवढेच पाहा की शनिवारी रात्रीच्या कार्यक्रमानंतर रविवारी सकाळी तुम्ही वेळेवर पोचता की नाही. तो पोटाचा धंदा आहे. पौलही तंबू शिवत असे.

प्रश्न : तरुण संघाच्या शिबिरात १२० विधानांची प्रश्नावली भरून घेतली. मला सर्वांत जास्त गुण ‘प्रेषित’ आणि ‘अद्भुत कार्ये’ या दोहोंत मिळाले. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता पुढे काय करू? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी बी.कॉम. पूर्ण करा.

आता प्रश्नावलीकडे वळू. ही पद्धत अमेरिकेतल्या मंडळ्यांत १९७०च्या दशकात रुजली आणि तिथून भाषांतरे होत होत आपल्या शिबिरांपर्यंत आली. रचना बहुधा ठरलेली असते : शंभर ते सव्वाशे विधाने, प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण, एका दानासाठी पाचेक विधाने विखरून ठेवलेली. शेवटी आडव्या ओळींची बेरीज करायची. साधन वाईट नाही. मात्र ते बिघडते कुठे, हे भरून घेणाऱ्याला माहीत असावे लागते, आणि शिबिरात ते सहसा कोणी सांगत नाही.

पहिला बिघाड विधानांतच असतो. ‘नव्या ठिकाणी मंडळी स्थापन करावी असे मला वाटते’ या वाक्याला शिबिराच्या शेवटच्या रात्री, दीड तास गाणी झाल्यावर, कोण तीन गुण देणार नाही? तिथे इच्छा मोजली जाते, अनुभव नाही. दुसरा बिघाड याच्या उलट आहे. ‘आजाऱ्याला भेटून आल्यावर मला समाधान वाटते’ याला एकोणीस वर्षांची मुलगी शून्य देते, कारण ती आजपर्यंत कोणा आजाऱ्याला भेटायला गेलेलीच नसते. म्हणजे जे दान कधी वापरून पाहिले नाही, ते कागदावर ‘नाही’ ठरते. तिसरा बिघाड आपल्या घरांतला आहे. स्वतःची स्तुती करू नये असे शिकवलेली मुले, विशेषतः मुली, सगळीकडे एक-एक गुण देतात आणि बढाईखोर मुलगा प्रत्येक ओळीत तीन. बेरजेला यातले काही कळत नाही. चौथे म्हणजे पहिल्या आणि चौथ्या क्रमांकात एक-दोन गुणांचाच फरक असेल तर त्या फरकाला काही अर्थ नाही, तरी प्रमाणपत्रावर पहिल्याच क्रमांकाचे नाव छापले जाते.

तुमची प्रश्नावली फुकट जाऊ द्यायची नसेल तर असे करा. त्यातली विधाने ‘मला वाटते’ ऐवजी ‘गेल्या वर्षभरात मी केले’ अशी बदलून पुन्हा भरा, घरी आणि शांतपणे. चाळीस मिनिटे लागतील. मग कोऱ्या तीन प्रती तिघांना तुमच्याविषयी भरायला द्या : एक घरातले माणूस, एक तुमच्याबरोबर सेवेत काम केलेले आणि एक तुमच्या सेवेचा लाभ झालेले. हे तिसरे माणूस सर्वांत मोलाचे. उदाहरणार्थ, तुम्ही संडे स्कूलला शिकवले असेल तर त्या वर्गातल्या मुलाची आई. चारही कागदांतली पहिली चार-चार दाने शेजारी मांडा. तीन कागदांवर जे दान येईल त्यातले एकच काम निवडा आणि तीन महिने करून पाहा. त्यानंतरच्या निष्कर्षाला वजन असेल.

‘प्रेषित’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ पाठवलेला असा आहे, आणि पाठवणारा कोणीतरी असावा लागतो. बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) अंत्युखियाच्या मंडळीतून पाठवले गेले ते प्रेषितांची कृत्ये १३व्या अध्यायात. पण त्याआधी दोघांनी त्याच मंडळीत पुरे एक वर्ष शिकवण्याचे काम केले होते, हे ११:२६ मध्ये वाचा.

प्रश्न : ८० कुटुंबांची आमची मंडळी. कामे करणारी माणसे तीच ती दहा-बारा. कृपादानांनुसार कामे वाटावीत असे कमिटीत ठरले, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही. — पास्टोरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सचिव, मराठवाडा

उत्तर : दानांपासून सुरुवात करू नका, कामांपासून करा. एक जाडी वही घ्या आणि महिनाभर मंडळीत जे जे काम होते ते लिहून काढा. उपदेश, संडे स्कूल, वर्गणी ही नावे पाच मिनिटांत लिहून होतील. त्यानंतरची यादी खरी : देवळाची किल्ली कोणाकडे असते, प्रभुभोजनाचे पेले कोण धुते, पाण्याची टाकी कोण भरते, माइकचे सेल कोण आणते, मयताच्या घरी पहिल्या दिवशी स्वयंपाक कोण पोचवते, कबरस्तानाची परवानगी आणि खड्ड्याची व्यवस्था कोण पाहते, दवाखान्यात डबा कोण नेते. ८० कुटुंबांच्या मंडळीत ही यादी चाळीसच्या पुढे सहज जाते. प्रत्येक कामापुढे तीन रकाने आखा : महिन्याला किती तास, सध्या कोण करते, तो माणूस गावाला गेला तर कोण करेल. तिसरा रकाना जिथे कोरा राहील तिथे तुमची निकड आहे.

वहीत एकाच नावापुढे चारपेक्षा जास्त कामे दिसली तर त्यातली दोन काढून घ्यायची. त्याला राग येईल. मोशेलाही त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हेच ऐकवले होते : तू एकटा हे करतोस ते बरे नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील (निर्गम १८:१७-१८). इथ्रोने नुसता उपदेश केला नाही, हजार, शंभर, पन्नास आणि दहा अशी वाटणीही सांगितली.

मग घरोघर जा. फॉर्म वाटू नका. फॉर्मवर लोक कमिटीला बरे वाटेल ते लिहितात. दोघांची एक जोडी, अशा आठ जोड्या करा. प्रत्येक जोडीला दहा घरे, आठवड्याला दोन, म्हणजे पाच आठवड्यांत सगळी मंडळी होते. अर्धा तास बसा आणि तीनच प्रश्न विचारा. कोणते काम करून थकलात तरी बरे वाटते? लोक आपण होऊन कशासाठी तुमच्याकडे येतात? आणि मंडळीतली कोणती उणीव तुम्हाला सतत खुपते? तिसऱ्या प्रश्नाला तक्रारी ऐकायला मिळतील. त्या टाकून देऊ नका, शब्दशः लिहून घ्या. ‘हिशेब वेळेवर वाचत नाहीत’ म्हणून जो दरवर्षी कुरकुरतो, त्याला व्यवस्था पाहण्याचे दान असण्याची शक्यता दांडगी. ‘नव्या माणसाला कोणी विचारत नाही’ म्हणणाऱ्या बाईला दारात उभे करा. १ करिंथ १२:२८ मधल्या ‘व्यवस्थे’साठीचा ग्रीक शब्द जहाजाचे सुकाणू धरण्यावरून आला आहे, आणि खडक आधी दिसतो तो सुकाणूवाल्यालाच.

नंतर नेमणूक करू नका, बारा रविवारांची पारख ठेवा. सेवकांची आधी पारख व्हावी असे १ तीमथ्य ३:१० सांगते. पहिले दोन रविवार नुसते पाहायचे, पुढचे चार मदतनीस म्हणून, त्यापुढचे चार स्वतः करायचे पण जुना माणूस शेजारी बसलेला, शेवटचे दोन एकट्याने. बाराव्या रविवारनंतर बसून बोलायचे. संपण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगून टाकणे फार गरजेचे आहे. नाहीतर ज्याला जमत नाही तो भिडेपोटी पंधरा वर्षे करत राहतो, आणि मंडळीही भिडेपोटी सोसत राहते.

बोलताना काय पाहायचे? त्या कामाने लोकांची उन्नती झाली का, करणाऱ्याला पुन्हा करावेसे वाटते का, आणि न विचारता कोणी ‘बरे केलेत’ म्हणाले का. तिन्हींना ‘हो’ असेल तर काम पुढे चालू. पहिल्यालाच ‘नाही’ असेल तर जागा बदलून पाहा, माणूस टाकू नका. उत्तम अभ्यास असलेल्या शिक्षकासमोर आठ वर्षांची मुले चुळबुळतात तेव्हा त्याचे दान खोटे नसते, वर्ग चुकलेला असतो. त्याला बुधवारच्या बायबल अभ्यासाला बसवा. मुलांच्या वर्गात मात्र कितीही चांगला शिक्षक असला तरी नेहमी दोन मोठी माणसे हवीत, एकमेकांच्या नात्यातली नसलेली. यात सवलत नाही.

फसण्याच्या जागाही सांगून ठेवतो. संमती घेण्याआधी व्यासपीठावरून नाव जाहीर करणे. सगळ्यांदेखत नाही म्हणता येत नाही. आडनाव पाहून काम देणे. नुकताच बाप्तिस्मा झालेल्याला उत्साहाच्या भरात पद देणे, ज्याबद्दल १ तीमथ्य ३:६ मध्ये इशारा आहे. पद म्हणजे दान असे धरून चालणे. खजिनदारपद निवडणुकीने मिळते, हिशेबाची चिकाटी मिळत नाही. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे दान दिसले की माणूस परिपक्व आहे असे मानणे. करिंथच्या मंडळीत कोणत्याच कृपादानाची उणीव नव्हती, हे पौल पहिल्याच अध्यायात (१:७) म्हणतो. चार वचनांनंतर तिथल्या गटबाजीची बातमी सांगतो, ६व्या अध्यायात भावाभावांचे खटले, ११व्यात प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी तर दुसरा मस्त.

प्रश्न : आमच्या भागात एक भाऊ चंगाईची (आजार बरा होण्यासाठीची) प्रार्थना करतात. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असे त्यांना सांगण्यात आले. मी विरोध केला तर अविश्वासी ठरतो. — एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : गोळ्या चालू ठेवा. बंद केल्या असतील तर आजच डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन घेणाऱ्याने ते अचानक थांबवले तर काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, जिवावर बेतते.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हे मंडळीचे कामच आहे. याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावण्याची रीत दिली आहे. पण निरोगी करण्याच्या दानाबद्दल १ करिंथ १२:९ मधले ग्रीक शब्द लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. तिथे ‘कृपादाने’ही अनेकवचनी आणि ‘निरोगी करणे’ही अनेकवचनी. पुष्कळ अभ्यासक यातून असा अर्थ घेतात की प्रत्येक बरे होणे हे वेगळे दान आहे, कोणाच्या खिशात कायमची ठेवलेली शक्ती नाही. पौलाच्या हातून लोक बरे झाले, तरीही त्याचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून पौलाने त्याला मिलेतात मागे ठेवले (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटासाठी त्याने थोड्या द्राक्षारसाचा उपाय सांगितला. त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). यांतल्या कोणाला पौलाने अविश्वासी म्हटले नाही.

ज्याला खरेच हे दान आहे तो औषध थांबवायला सांगत नाही, बरे झाल्याची तपासणी करून घ्या म्हणतो. येशूनेही कुष्ठरोग्याला याजकाकडे दाखवायला पाठवले. त्या काळची तपासणी तीच होती. प्रार्थनेसाठी पैसे मागणे, बरे न झाल्याचा दोष आजाऱ्यावर टाकणे, उपचार थांबवणे, यांतले एक जरी दिसले तरी मंडळीच्या वडिलांनी त्या भावांना बसवून थेट विचारावे. आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रोखणारा कोणत्याही धर्माचा असो.

दयेचे दान असलेल्यांसाठी याच ओघात थोडे. दवाखान्यातली भेट दहा-पंधरा मिनिटांची असावी. ‘काय झालंय?’ हा पहिला प्रश्न नको, ‘बसू का जरा?’ हा असावा. प्रार्थना करू का हे विचारा आणि दोन मिनिटांत संपवा, हळू आवाजात, कारण शेजारच्या खाटेवरही कोणी आजारी असते. खाटेवर बसू नका, सलाइनच्या नळीला हात लावू नका. ‘माझ्या काकांनाही हेच झाले होते’ ही गोष्ट तर दारातच ठेवून या. निघताना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, त्यावर कोणी काही सांगत नाही. ‘गुरुवारी रात्रीचा डबा मी आणतो’ असे म्हणा, आणि आणा.

प्रश्न : मी डी.एड. आहे, वीस वर्षे शाळेत शिकवले. मंडळीत मात्र मला कायम चहा-जेवणाच्या कमिटीत टाकतात. सेवा लहान-मोठी नसते हे पटते, पण मन खट्टू होते. — एक भगिनी, सोलापूर

उत्तर : खट्टू होण्यात पाप नाही. ‘सेवा लहान-मोठी नसते’ हे वाक्य बहुधा ज्याला किटली उचलावी लागत नाही तोच बोलतो. अपुल्लोस हा उपदेशक शास्त्रात निपुण होता, तरी त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला तो प्रिस्किल्ला आणि अक्विला या दोघांनी (प्रेषितांची कृत्ये १८:२६). रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात फिबीला किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका म्हटले आहे. आणि केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकमधून सबंध बायबल मराठीत आणले, त्याच महाराष्ट्रात स्त्रीला शिकवता येते का हा प्रश्न पडावा, याचे आश्चर्य वाटते.

स्त्रियांनी व्यासपीठावरून उपदेश करावा की नाही, यावर पंथापंथांत मतभेद आहेत आणि तुमच्या मंडळीची घटना तुम्हाला ठाऊक असेल. पण शिकवण्याची जागा व्यासपीठ एवढीच नाही. हक्क मागण्याऐवजी योजना घेऊन जा. एका कागदावर लिहा : उन्हाळी सुट्टीत दहा दिवसांची बायबल शाळा, सकाळी ८ ते १०:३०, वयाचे तीन गट, शिकवायला सहा माणसे, रोजचा पाठ, खर्च इतका. कमिटीला ‘संधी द्या’ ही विनंती टोलवता येते, तयार कागद टोलवणे अवघड जाते. त्याच कागदावर चहाचे कामही पाळीपाळीने घरटी वाटलेले असावे, पुरुष धरून. प्रेषितांची कृत्ये ६व्या अध्यायात जेवणाच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा नेमलेले सातही जण पुरुषच होते, हे कमिटीला हसत हसत सांगायला हरकत नाही.

प्रश्न : दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरच्या कन्फर्मेशन संस्काराच्या) वर्गात आम्हाला पवित्र आत्म्याची सात दाने शिकवली. प्रॉटेस्टंट मित्र नऊ सांगतात. कोण बरोबर? — एक कॅथलिक विद्यार्थी, वसई

उत्तर : दोघेही. तुमची सात दाने यशया ११:२-३ मधून येतात : सुज्ञता, समज, सल्ला, बळ, ज्ञान, भक्ती आणि परमेश्वराचे भय. गंमत म्हणजे हिब्रू पाठात सहाच आहेत, परमेश्वराचे भय दोनदा येते. जुन्या ग्रीक भाषांतराने त्यातल्या एका जागी ‘भक्ती’ घातली, लॅटिननेही तेच केले आणि सात झाली. ही दाने माणसाला स्वतःला घडवण्यासाठी आहेत आणि सर्वांना सगळी मिळतात. मित्राची नऊ १ करिंथ १२ मधली. ती इतरांच्या सेवेसाठी आहेत आणि वेगवेगळ्यांना वेगवेगळी वाटलेली असतात. कॅथलिक चर्चही ती मानते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद १२) म्हटले की आत्मा सर्व स्तरांतल्या श्रद्धावंतांना अशी विशेष दाने देतो, आणि त्यांची पारख करण्याचे काम चर्चच्या अधिकाऱ्यांचे. ती विझवायची नाहीत, पारखून चांगले ते धरायचे. दृढीकरणानंतर पॅरिशमध्ये एखादे काम अंगावर घ्या, म्हणजे तुमचे आणि मित्राचे, दोन्ही धडे एकदमच गिरवले जातील.

प्रश्न : प्रार्थनासभेत एकाच वेळी दहा-पंधरा जण अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषांत) बोलतात. नवीन आलेले लोक घाबरून निघून जातात. थांबवावे का? — एक वडील, ठाणे

उत्तर : थांबवू नका, आवरा. १ करिंथ १४:२७-२८ मध्ये नियम आकड्यांत आहे : दोघे, फार तर तिघे, तेही एकामागून एक, आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावे. संदेश देणाऱ्यांनाही हाच आकडा आहे, आणि ऐकणाऱ्यांनी तो पारखायचा आहे. सभेआधी पुढाऱ्याने हे वाचून दाखवावे. सभा चालू असताना कोणाला हात धरून बसवणे टाळा. नवीन माणूस आला तर ‘तुम्हाला वेड लागले आहे’ असे म्हणणार नाही काय, हा प्रश्न पौलानेच त्या अध्यायात विचारला आहे.

प्रश्न : मला हात मोकळा सोडायला आवडते, देव देतोही. पण दिले की लोक नाव लावतात आणि न दिले की तोंड फिरवतात. — एक व्यावसायिक, अहिल्यानगर

उत्तर : रोम १२:८ मध्ये औदार्य हे दान म्हणून नोंदले आहे, तेव्हा संकोच नको. मात्र व्यक्तीच्या हातात रोख देणे बंद करा. मंडळीच्या खात्यातून द्या, पावती घ्या, आणि काय कशासाठी ते लिहून द्या : फी असेल तर थेट शाळेत, औषध असेल तर थेट दुकानात. मंडळीचे पैसे एकट्याने मोजू नयेत, दोघांनी मोजून दोघांनी सही करावी. यरुशलेमसाठीची वर्गणी नेताना पौलानेही बरोबर इतर माणसे घेतली होती, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). वर्षाच्या सुरुवातीलाच रक्कम ठरवून ठेवा, म्हणजे ‘या वर्षीचे संपले’ हे खरेपणाने सांगता येते. कोनशिलेवर नाव घालायचा आग्रह झाला तर वडिलांचे घालू का, असाही प्रश्न येईल. तेही नको.

प्रश्न : वय ७१. चाळीस वर्षे संडे स्कूल घेतले. आता गुडघे आणि डोळे दोन्ही गेले. माझे दान संपले का? — एक आजी, जालना

उत्तर : आजी, गणना ८:२५-२६ कोणाकडून तरी वाचून घ्या. देवाच्या निवासमंडपाची सेवा करणाऱ्या लेव्यांना वयाच्या पन्नासाव्या वर्षी जड काम सोडायचे होते, पण आपल्या भाऊबंदांना त्यांच्या कामात साहाय्य करायचे होते. तुम्ही तर एकवीस वर्षे जास्त केलेत. आता वर्ग नको, शिक्षक घ्या. सध्याच्या शिक्षकांपैकी दोघींना शनिवारी संध्याकाळी तासभर घरी बोलवा. उद्याचा पाठ त्यांनी तुम्हाला सांगायचा, आणि मूल कुठे कंटाळेल ते तुम्ही सांगायचे. चाळीस वर्षांत ते तुमच्याइतके कोणाला कळलेले नाही. जुन्या विद्यार्थ्यांची नावे नातवाला मोठ्या अक्षरांत वहीत लिहायला सांगा, आणि दर बुधवारी त्यातल्या तिघांना फोन लावून द्यायला सांगा. मंडळीत यायचे ज्यांनी सोडले आहे, त्यांच्यापासून सुरुवात करा. ते पाळकांचा फोन उचलत नाहीत, पण बाईंचा उचलतील.